दोरी कुठं बांधायची

पत्रक भार्गवीनं शाळेतून आणलं:
रविवारी गुरांच्या डॉक्टरांचं कॉलेज सगळ्यांना खुलं,
या, बघा, हात लावा, चहा फुकट.
हे म्हणाले, "गुरां बघूक पैसे मोडूचे?"
आणि शनिवारी रात्रीच सदऱ्याला इस्त्री केली.

आचऱ्याहून निघालो सातला, सहा आसनीत नऊ माणसं,
शिवाय वाघ्या, पोत्यातून मुंडकं बाहेर काढून,
त्याला पिसाळ्याची सुई द्यायची होती.
डब्यात घावणे, सुक्या जवळ्याची चटणी.
सड्यावर गवत वाळून पिवळं,
काजूला मोहोर,
चिऱ्याच्या दोन लांब इमारती, मधे बांबूची कमान.
मागं वळून बघितलं तर समुद्र खाली,
वाळत घातलेल्या लुगड्याएवढा.

पहिल्या खोलीत बाटल्याच बाटल्या.
दोन तोंडांचं वासरू बघून गुंडू माझ्या पदरात शिरला,
मग पदराआडून पुन्हा बघितलं,
मग पुन्हा.
एका टेबलावर गाईंच्या पोटातून निघालेल्या वस्तू:
खिळे, दुधाच्या पिशव्यांचा नारळाएवढा गोळा,
पोरीची डाव्या पायाची चप्पल,
आणि हातभर नायलॉनचं जाळं.
मी जाळी शिवते. गाठ ओळखली.
आमच्याच खाडीकडची.
पुढं सरकले.

अंगणात एक गाय, कुशीला गोल झाकण.
झाकण काढलं की सरळ पोटात हात.
भार्गवीनं कोपरापर्यंत घातला, म्हणाली,
"आई, आत ऊन ऊन आसा गो!"
गाय रवंथ करत राहिली,
जणू शोधाशोध दुसऱ्याच कुणाच्या घरात चाललीय.

शेवटच्या खोलीत लाकडी गाय,
ताडपत्रीचं पोट, आत चामड्याचं वासरू.
निळ्या कोटातली पोरगी, छातीवर नाव पल्लवी उईके,
कुठून लांबून शिकायला आलेली, विचारते,
"अडलेलं वासरू कोण ओढून दाखवतं?"
भार्गवीच पुढं. हात घातला, पाय सापडला,
दोरी बांधली खुराला लागून, घट्ट.

"थय नाय."

मागून हे.
लोक बाजूला झाले.
"सांध्याच्या वर बांध. खाली बांधलंस तर खूर हातात येतलो.
आणि कळ येय तेवाच ओढ.
गाय थांबली काय आपण थांबूचा."

पल्लवी उईके हातातला खडू विसरली.
"काका, तुम्ही कुठं शिकलात?"
"घरी."

घरी म्हणजे गोठ्यात, दोन सालांमागं, श्रावणात.
साकव वाहून गेला होता.
डॉक्टर आला होता, नाही कसं म्हणू,
पण व्हाळाच्या पलीकडे, बॅटरी हलवत,
पाण्याच्या आवाजावरून ओरडत: वर! वर!
ह्यांना वाटलं, पाणी चढतंय, वर सरका म्हणतोय.
सरकले.
मी कंदील धरला होता.
मलाही तसंच वाटलं.

कवडी सकाळपर्यंत होती.
वासराचं विचारू नका.

"परत एकदा दाखवाल?" पल्लवी उईके म्हणाली.
ह्यांनी तीनदा दाखवलं,
इस्त्रीची बाही खांद्यापर्यंत सारून.
तिसऱ्यांदा वासरू सुळकन बाहेर आलं,
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
ह्यांचं लक्ष नव्हतं.
खाली बसून चामड्याच्या नाकपुड्यांत बोट फिरवत होते,
आधी एका, मग दुसऱ्या,
नसलेला चिकटा काढत.
मग तोंड.
पल्लवी उईकेनं टाळ्या हातानंच थांबवल्या.

परतताना वाघ्या सुई घेऊन झोपलेला,
गुंडूला फक्त गोचीड आठवत होती,
काचेखाली बघितलेली, म्हणे खेकड्यासारखी.
भार्गवी वाघ्याच्या दोरीची गाठ
डब्याच्या कडीला बांधत, सोडत, बांधत.
कॉलेजच्या फीचा कागद ह्यांनी वाचला,
चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला.

आचरा येईपर्यंत हे एकदाच बोलले:
"चाय बरी होती."