टाकीचं पोट

उमरेडच्या पुढे, कऱ्हांडल्याच्या वाटेवर
लांजेवारनं फाटक उघडलं.
"चार बेडरूम, मॅडम. शनिवार-रविवार रिकामं राहतच नाही.
जंगलवाले पाहुणे, एका रात्रीचे बारा हजार.
घर आपला हप्ता आपणच भरते."

चारही खोल्यांत एकच पडदा, एकच छापील वाघ,
पलंगावर टॉवेलचा हंस.
गुणवंत गादी दाबून बघत होते
आणि त्यांच्या ओठांवर बारा गुणिले आठ चाललं होतं.

मी मागे गेले.
बत्तीस वर्षं मेयोत सिस्टर होते;
चादर बघायच्या आधी
खाटेखाली बघायची सवय जात नाही.

सीताफळाखाली सिमेंटचं झाकण.
एप्रिल. सगळं आवार भाजून निघालेलं,
झाकणाभोवती मात्र हातभर गवत,
हिरवंगार, लुसलुशीत.
"हे कोणी लावलं?"
"आपोआप आलं, जी."

कुंपणाच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेला नंबर : उपसा, उईके.
लावला.
"त्या घरी? महिन्यातून दोनदा येतो, बाई.
टाकी पाच माणसाची, झोपते पंधरा.
काळी माती पाणी पीत नाही, नुसती फुगते.
काय करन टाकी?"

नकाशात बेडरूम दोनच.
तिसरीचं नाव सामानाची खोली,
चौथीचं, देवघर.
लांजेवार हसला,
"कागदावर दोन, हाव. पण कागदात कोण झोपते?"

बावीस खाटा, एकेचाळीस पेशंट,
व्हरांड्याच्या टोकाला एक संडास.
कागदावर आमचा वॉर्डही बावीसचाच होता.
पहाटे कोणीतरी पदर ओढायचं,
सिस्टर, तुंबलं.
हे मी लांजेवारला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, दोन खोल्यांचा भाव बोला.
तो हंसाची मान सरळ करत राहिला.

दिघोरीपर्यंत गुणवंत गप्प.
सिग्नलला म्हणाले,
"दोन खोल्यांत हप्ता निघत नाही."
"नाही निघत."
हिरवा लागला तरी गाडी तिथंच,
मागचा हॉर्न वाजवून दमला.

रात्री ते वीजबिलाच्या पाठीवर
चार खोडून दोन, दोन खोडून तीन लिहीत बसले.
मी उठले, संडासात गेले, साखळी ओढली
आणि अंधारात उभी राहिले कान देऊन :
पाणी भिंतीतून खाली गेलं,
दुसऱ्या मजल्यावरून, पहिल्यावरून,
मग कुठे?
सव्वीस वर्षं या घरात,
आणि मी कधी विचारलं नव्हतं.