सुटं अंडं

पत्रक दाराखालून आलं.
फिकट हिरवा कागद, शाई बोटाला लागणारी.
सोमवारपासून परक्यांच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही.
खाली कुणाचं नाव नाही. नुसतं 'रहिवासी'.
म्हणजे मीसुद्धा.

कोपऱ्यावरचं दुकान लिबानचं. जाळीमागे तो,
जाळीला मनगट जाईल एवढी खिडकी,
तिच्यातून आमची अख्खी वस्ती जेवते:
एक सुटं अंडं, अर्धा पाव, दोन सिगारेटी,
महिनाअखेरीला वहीत मांडलेलं दूध.
नावाने कुणी हाक मारत नाही त्याला.
पोरं म्हणतात 'माय फ्रेंड'.
त्याच्या आधीच्यालाही तेच म्हणायची,
ज्याला गल्ल्यासाठी गोळी घातली, त्यालाही.

समोर माझ्या भावाचं दुकान होतं, म्झुकिसीचं.
हे सांगायलाच हवं.
त्याची निळी पाटी आता खुराड्यावरचं छप्पर आहे.
तो अंडं तीन रँडला द्यायचा, लिबान अडीचला.
मी अडीचचं घेतलं.
पहिल्यांदा अंधार पडल्यावर, शालीखाली लपवून,
मग भरदिवसा.
ते दुकान कुणी बुडवलं याचा हिशेब मांडायला बसले
की बोट फिरून फिरून
माझ्याच छातीवर येतं.

म्झुकिसी म्हणतो, ते पाचजण मिळून ट्रक भरतात,
पोत्यांवर झोपतात. आपण कसं टिकायचं?
खोटं बोलत नाही तो.
मग तुम्हीही पाचजण मिळा, मी म्हटलं.
तो हसला. "पाचांची मोट बांधायला
परकं गाव लागतं, ताई.
आपण तर घरीच आहोत."

आईला बहिष्कार ठाऊक आहे.
पंच्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात
गोऱ्यांच्या दुकानातून तिने काडेपेटीही आणली नाही.
ते महिने आठवले की अजून ताठ बसते खुर्चीत.
एक गोष्ट मात्र सांगत नाही, ती मला मावशीकडून कळली:
नाक्यावर पोरांनी एका म्हातारीची पिशवी उपसली
आणि तिने आणलेलं तळणाचं तेल
तिलाच प्यायला लावलं, सगळं.
आई तिथे उभी होती.
आई हलली नाही.

मी तिला पत्रक वाचून दाखवलं.
ती इतका वेळ गप्प, की मला वाटलं डोळा लागला.
मग म्हणाली,
"आम्ही पैसे रोखले, तेव्हा दुकानदारांनी वर फोन लावले.
वर त्यांचीच माणसं होती.
हा पोरगा कुणाला फोन लावणार?
याला बहिष्कार म्हणू नका.
आमच्या शब्दाला असं वापरू नका.
वाळीत टाकताय, तर तसं म्हणा."

आणि लगेच, पाय चोळत:
"पण म्झुकिसीच्या पोरांच्या फीचं काय करायचं
ते मला विचारू नकोस."

सोमवारी संध्याकाळी गेले.
अंडं हवंच होतं असं नाही.
समोर क्रेट उलटे टाकून सातआठ पोरं बसलेली,
कोण येतं, कोण जातं.
मी खिडकीत नाणी ठेवली.
लिबानने ती एका बोटाने माझ्याकडे सरकवली.
"आज नको, मामा. ते बघतायत."
इथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात,
हे त्याला कुणी शिकवलं असेल?
दुकान उघडं होतं.
मागे अंड्यांचे ट्रे छतापर्यंत.
माझं मनगट जाळीत, नाणी तळहातावर,
आणि तो मला वाचवत होता
माझ्याच माणसांपासून.

मी रस्ता ओलांडला.
मधल्या क्रेटवर म्झुकिसीचा थोरला, सियामथांदा.
गालात गोळी. रविवारची असणार,
इथलीच असणार.
त्याने मान वळवली.
"सरक," म्हटलं, आणि बसले त्याच्या शेजारी,
पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.
"घे. उपस."