निळे दाणे

रेइन, तू ठेवून गेलास ते पाकीट
परवा फडताळात सापडलं.
"आई, दोन दिवसांत उंदीर साफ," म्हणाला होतास
आणि रविवारची बोट पकडलीस.

इथे हीउमा बेटावर राय कापून झाली
की उंदीर शेतातून घरात येतात,
न विचारता, बायकापोरांसकट.
त्यात नवल नाही. तुझ्या बाबांच्या वेळीही येत.

पण घरात तुह्क आहे.
चौदा वर्षांची, नावासारखीच राखेच्या रंगाची.
आता धावत नाही, भिंतीतल्या एका जागेकडे
टक लावून बसते.
विषानं गुंगलेला उंदीर समोरून डुलत गेला
तर तेवढी शिकार तिला जमेल.
तीच तर भीती.

एंडेलच्या बोक्याचं तुला सांगितलं नव्हतं.
एप्रिलमध्ये असाच एक सुस्त उंदीर खाल्ला त्यानं,
मिशा पुसल्या, उन्हात झोपला.
चौथ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक,
नाकातून रक्ताचा धागा.
केर्दलाच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, उशीर झाला होता.
एंडेल अजून दूध दोन वाट्यांत ओततो.

म्हणून मी माझ्या पद्धतीनं लागले.
रात्री लाकडी जमिनीवर पीठ भुरभुरलं,
सकाळी पावलांची नक्षी वाचली:
सिंकच्या पाइपापासून चुलीपर्यंत,
तिथून थेट मेणबत्त्यांकडे.
पाइपाशेजारी भोक, पेन्सिल जाईल एवढं.
त्यात तारेची घासणी कोंबली, वरून चुना.
राय पत्र्याच्या डब्यात. मेणबत्त्याही.
बाबांच्या माशांच्या पेटीत सापळा मांडला,
बाजूला एवढंसं दार;
उंदीर शिरेल, तुह्कचा पंजा नाही.
आमिष हेझलनटचं. माशाचं लावलं असतं
तर पेटीवरच ठाण मांडलं असतं बयेनं.

पाच सापडले. खुडबुड थांबली.

मग तुझं पाकीट परत द्यायला काढलं,
तर कोपरा कुरतडलेला.
वर छापलंय दोनशे ग्रॅम.
तराजूत घातलं: एकशे ऐंशी.

रेइन, अडुसष्टाव्या वर्षी मी
तीन दिवस रांगले, बॅटरी दातांत धरून.
तुह्कला खोलीत कोंडलं,
दाराआडून तिनं माझा उद्धार केला.
तिसऱ्या दिवशी तुझ्या बाबांच्या रबरी बुटात,
जे फेकायचे फेकायचे म्हणत सात वर्षं फेकले नाहीत,
टाचेपाशी निळे दाणे.
नीट रचलेले,
हिवाळ्याची बेगमी करावी तसे.

हातमोजे घालून एकेक वेचला.
वजन केलं.
अठरा.

बाटलीत बंद करून सगळं
घातक कचऱ्याच्या डेपोत देऊन आले.
पावती पाठवते, तुझ्या फडताळात ठेव.
बूट मात्र धुऊन पुन्हा दाराशीच ठेवलेत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर ठेवा,
जराही शंका आली तर रात्रीसुद्धा फोन करा.

दोन ग्रॅम म्हणजे किती? चिमूटभर.
रोज संध्याकाळी दिव्याखाली
तुह्कचा ओठ वर करून हिरड्या बघते.
ती चावते.
आज गुलाबी आहेत.