पूर्ण संचय पातळी

जायचं होतं कोमोला.
भाऊंनी त्यासाठी नवा स्वेटरही घेतला होता,
पण इटलीचा व्हिसा आलाच नाही,
तेव्हा पेनरिथहून बस धरली
आणि उल्सवॉटरला आलो.
'तळं ते तळं,' भाऊ म्हणाले,
'पाण्याला कुठं ठाऊक असतं
आपण कुणाच्या देशात साचलोय.'

ग्लेनरिडिंगच्या धक्क्यावरून बोट सुटली.
जून महिना, तरी भाऊंना कानटोपी.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं,
त्यामुळे पहिला प्रश्न:
'भिंत कुठाय?'
धरण नाहीये हे, भाऊ.
'सांडवा तरी?'
तोही नाही.
'मग एवढं पाणी अडवलं कुणी?'

कर्ण्यातून कीथ सांगत होता,
बर्फ सरकत गेलं, त्यानं दरी कोरली,
तो समोरचा डोंगर प्लेस फेल.
मी मराठीत आणत होते, जमेल तेवढं.
उतारावर सांडलेल्या मुरमुऱ्यांसारख्या मेंढ्या.
पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी बिस्किट पुढे केलं,
भाऊंनी घेतलं, रुमालात बांधून ठेवलं.

'खोली विचार.'
साठ मीटरच्या वर.
'म्हणजे पस्तीस पुरुष,' ते पुटपुटले
आणि काठाशी वाकले,
एकावर एक उभे केलेले पस्तीस जण
मोजल्यासारखे.

'आता विचार, खाली काय आहे.'
कीथ हसला. दगड, सर. ट्राउट मासे.
माझा एक चष्मा.
'गाव?'
नाही, सर. गाव नव्हतंच कधी.

भाऊंनी मला पुन्हा विचारायला लावलं.
नव्हतंच.

मग हाउटाऊन येईपर्यंत
ते माझ्याशी बोलले की पाण्याशी, कळेना.
आंबेदऱ्याला घराघरावर खूण करायची होती,
पाणी कुठवर येणार त्याची.
लाल रंगाचा डबा, ब्रश, सोबत एक शिपाई.
शेवंताबाईच्या चौकटीवर हात पुरेना,
तर तिनंच आतून स्टूल आणलं,
तिनंच धरलं, मी पडू नये म्हणून.
'साहेब, एवढं वर येईल?'
म्हटलं, याच्याही वर, चार मीटर.
तर म्हणाली, मग ही खूण
कुणाला दिसायची?

बोट वळली. वारा सुटला.
कुणाचीतरी टोपी पाण्यात गेली,
पोरं ओरडली, कीथनं कर्ण्यातून टोपीला निरोप दिला,
सगळे हसले.
भाऊही हसले, जरा उशिरानं.

पूली ब्रिजला उतरताना
धक्क्याच्या खांबांवर
पाण्याच्या ओल्या रेघा होत्या, एकाखाली एक.
त्यांनी बोट लावून पाहिलं.
'यंदा फूटभर कमी आहे,'
पोस्टकार्ड विकणाऱ्या मुलीला ते मराठीत म्हणाले.
ती म्हणाली, येस, लव्हली.

एक पोस्टकार्ड घेतलं. निळं पाणी, पांढरी बोट.
बाकावर बसून पेन मागितलं,
लिहिलं: श्रीमती शेवंताबाई,
मु. पो. आंबेदरा,
आणि थांबले.
तालुका आठवत होता. पिनकोडही.

'पेनरिथची बस कितीला?'
वीस मिनिटं आहेत अजून, भाऊ.
त्यांनी रुमाल सोडला,
बिस्किटाचे दोन तुकडे केले,
मोठा मला दिला.