अकरा तलंगा

जूनमध्ये या बेटावर रात्र येते
ती उंबऱ्यावरूनच परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी.
साडेदहा झाले तरी ज्युनिपरच्या शेंड्यांवर ऊन,
आणि माझ्या अकरा तलंगा
नव्या खुराड्याच्या दाराशी घोळका करून,
आत जायचं असतं हेच ठाऊक नसलेल्या.

खुराडं वडिलांच्या होडीच्या फळ्यांचं.
डांबराचा वास अजून गेलेला नाही.
दांडी भूर्जाची, सालासकट,
मारेतने फोनवर सांगितली तेवढी जाड:
"अंगठ्याएवढी नको, मनगटाएवढी.
बसल्यावर पायाची बोटं पिसांखाली झाकली पाहिजेत."

मारेत तुर्कूला असते, समुद्रापलीकडे,
वृद्धाश्रमात, रात्रपाळीला.
तलंगा तिनेच सांगून ठेवल्या होत्या, मार्चमध्ये.
मग नोकरीचं पत्र आलं
आणि त्या माझ्या गळ्यात पडल्या.
एकतीस वर्षं मी फेरीबोटीचं इंजिन ऐकलं.
पिसांतलं मला काय कळतं?

पहिल्या रात्री हाकलल्या.
झाडू घेऊन, हात पसरून, शिव्या देऊन.
दोन आत, तीन बाहेर,
एक सॉनाच्या पायऱ्यांखाली.
फोन वाजला. "गेल्या का?"
"नाही."
"हाकलू नकोस. अंधारू दे.
दिसेनासं झालं की मऊ होतात, मग एकेक उचल.
आणि वरून हात घालू नकोस.
वरून येतो तो ससाणा.
खालून, छातीखाली सरकव."

तर मी थांबतो. बादली उपडी घालून बसतो.
कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच म्हणतात;
इथे तांबडं विझतच नाही, झाकणार काय?
बारानंतर आभाळ सायीच्या रंगाचं होतं,
त्याहून काळं होत नाही.
पण गवताशी, जमिनीलगत,
ओंजळभर अंधार साचतो.
तेवढा कोंबडीला पुरतो.
कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून
त्यांचा एकच ढीग झालेला असतो, श्वास घेणारा.

पहिली. दुसरी. तिसरी.
हातात आली की कळतं, केवढीशी आहे;
बाकी नुसतं पिसांचं सोंग.
आत एक इंजिन. ते मात्र मी ओळखतो:
ताण पडलेलं, पण चालू.
दांडीवर ठेवली की नखं चाचपडतात,
लाकूड सापडतं, आवळतात,
मग घशातून बारीक कुरकुर.
नववी दोनदा खाली उतरली.
म्हटलं, बाई, मलाही झोप आहे.
दहावीचा डावा पाय जरा वाकडा.
अकरावी सॉनाखालून काढावी लागते, रोज,
गुडघ्यांवर बसून.

"आमच्याकडेही," मारेत चौथ्या रात्री म्हणाली,
"नवीन आलेले आठवडाभर
संध्याकाळी कोट घालून दाराशी उभे राहतात.
एक आजोबा रोज विचारतात, घोडा कुठे बांधलात?"
"मग तू काय करतेस?"
"खालून हात घालते," म्हणाली आणि हसली.
तिकडे घंटा वाजली. ती गेली,
फोन तसाच चालू ठेवून.
मी बराच वेळ तिची पावलं ऐकत राहिलो,
रबरी तळव्यांची, लांबलचक लादीवरून.

काल नववी रात्र.
बाराला बादली घेऊन गेलो. आवार रिकामं.
पोटात गोळा आला: कोल्हा,
हिवाळ्यात बर्फावरून चालत आलेला, परत न गेलेला.
खुराड्याचं दार उघडं. वाकलो,
आत हात घालून चाचपत मोजल्या.
अकरा.
सॉनाखालचीसुद्धा, अगदी टोकाला, भिंतीला चिकटून.
डांबराच्या वासात आता त्यांचाही वास.
खिटी लावली.
मग हातांचं काय करावं ते कळेना.

फोन वाजला. "किती वेळ लागला आज?"
"अर्धा तास," म्हणालो.
"ती एक अजून त्रास देते."
"खालून हात घाल."
"हो," म्हणालो, "तसंच करतो."