पाव मिलिमीटर

दात हाडाला टेकलेला नसतो.
मध्ये पाव मिलिमीटर जागा,
तिच्यात ओले धागे, तिरपे,
आणि त्यांच्यावर दात टांगलेला,
जन्मभर.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते
मानकापूरच्या गॅलरीत खर्रा घोटत होते.
"काहून वो, चिकटलेला नसते का?"
म्हटलं, बाजेसारखं समजा.
सुंभ सैल, तोवर माणूस अलगद आत जातो,
मग एकेक दोरी कामाला लागते
आणि बाज म्हणते, बस.
"असं होय," म्हणाले. घोटत राहिले.

त्या 'बस'चं समीकरण लिहिणं हे माझं काम.
चौथं वर्ष.
डुकराचे जबडे आणते पहाटे, बर्फात,
डबा स्कूटरवर पायांशी.
काचीपुऱ्याच्या सिग्नलला बाजूची बाई विचारते,
"मासोळ्या काय भाव दिल्या?"

घाईनं दाबलं तर धागे ताठ होतात.
हळू दाबलं तर वाट देतात,
आतल्या पाण्याला सरकायला वेळ लागतो म्हणून.
(हे मला आधीच माहीत होतं,
पण प्रबंधात संदर्भ द्यावा लागतो.)

मे. कूलरची खस कोरडी.
कॉम्प्युटर सत्तेचाळिसाव्या पायरीला अडकतो :
एक लाख ऐंशी हजार तुकड्यांपैकी
एक तुकडा उलटा झालाय, म्हणतो.
कुठला, ते सांगत नाही.

जूनमध्ये बाबांच्या खालच्या तीन दाढा काढल्या,
मेडिकल चौकात, डॉ. शिरीन काझींकडे.
"जोर लावावाच लागला नाही," त्या म्हणाल्या.
स्टीलच्या ट्रेमधून मी एक दाढ उचलली,
खिडकीशी नेली.
मुळावर धागे शोधले.
मुळं गुळगुळीत, पिवळी, कीटण चढलेली.
धागा एकही नाही.
माझ्या मॉडेलमध्ये ही शक्यता मी धरलीच नव्हती.
डॉक्टर म्हणाल्या, "पुसून देऊ का?"
मी नको म्हटलं, आणि तशीच रुमालात बांधली.

महिन्यानं कवळी आली.
वरणभात कालवता कालवता बाबांनी विचारलं,
"तुझ्या त्या सुंभाचं अजून काय काम राह्यते?"
म्हटलं, भातात खडा आला की
दाताला काही समजत नाही,
धाग्यांना समजतं.
जबडा थांबतो तो त्यांच्यामुळे.

बाबांनी घास या गालातून त्या गालात नेला.
"मंग ह्या बाजूनं खडा आला तं?"

"कळणार नाही."

ताटाकडे पाहिलं त्यांनी. थोडा वेळ.
"तं तांदूळ तूच निवडत जाय आता."