उसनं यंत्र

जोतीराम सुतार, दहावीला विज्ञानात जेमतेम पास,
आता उद्यमनगरात एका फौंड्रीत सुरक्षेचं बघतो.
त्याच्याकडनं आणलं दोन दिवसांपुरतं,
मुठीत मावणारं, टोकाला काळ्या स्पंजचं बोंड,
पाठीवर पांढऱ्या पेंटनं "शॉप नं. ३".
"बाई, पाडू नकासा. माझ्या नावावर हाय."

आठवी ब. पट बेचाळीस.
यंत्र टेबलावर ठेवलं, तर सगळ्यांनी आधी
त्याच्या तोंडात ओरडून घेतलं,
नव्या विहिरीत वाकून ओरडतात तसं.

पंखा, सत्तेचाळीस.
फळ्यावर खडू, छप्पन्न.
फरशीवर पडलेला स्टीलचा डबा, शंभराला दोन कमी.
"शांत बसा!"
एक्क्याण्णव.
हा आकडा कुणाच्या नावापुढं लिहायचा,
आरोही घाटगेनं फारच गंभीरपणे विचारलं.
माझ्या, म्हटलं. निरीक्षण म्हणजे निरीक्षण.

मग गजराचं घड्याळ खोक्यात कोंबलं.
वर रद्दी, वर थर्माकोल, वर जुना स्वेटर.
सगळ्यांना हरवलं गुळाच्या बारदानानं,
जे मार्केट यार्डातनं कुणाचा तरी भाऊ घेऊन आला
आणि ज्याच्यामागनं वर्गात मुंग्या आल्या.
मुंग्यांचा आवाज मोजायचा प्रयत्न झाला.
पंखाच लागला.

एक घड्याळ, अडुसष्ट.
दोन घड्याळं, एकाहत्तर.
वर्ग चिडला. एकशे छत्तीस पाहिजेत, बाई!
यंत्र बिघडलंय, फौंड्रीत राहून बहिरं झालंय.
लॉगरिदम अकरावीला आहे, मी म्हणणार होते,
तेवढ्यात मागच्या बाकावरनं मुदस्सर शिकलगार,
जो वर्षभरात दोनदा बोलला असेल,
"चुलत्याच्या शॉपात धा लेथ हाईत.
एक बंद पडलं तर कानाला कळत न्हाई.
पगाराला कळतंय."

मी फळ्याकडं तोंड केलं.
खडू मोडला. तो कुणी मोजला नाही.

रात्री आकडेमोड करत बसले.
बेचाळीस पोरं एकदम बोलली, आणि एकेचाळीस बोलली,
फरक येतो डेसिबलचा एक दशांश.
इतकं तर यंत्र स्वतःच थरथरतं.
पटावर बेचाळीस, बाकांवर एकेचाळीस,
दिवाळीपासनं.
अश्विता लोहार. हसली की खिडकीतली कबुतरं उडायची.
बापाचं काम सुटलं, इचलकरंजीला मामाकडं गेली म्हणे.
म्हणे, म्हणजे मी विचारलं नाही.
वर्ग तेवढाच गजबजलेला वाटत होता.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना यंत्र चालूच राहिलं.
सतरा, हजर बाई, चौसष्ट.
अठरा, हजर, बासष्ट.
एकोणीस.
सत्तेचाळीस.
आरोहीनं तोही वहीत लिहिला. रकान्यात शिस्तीत: पंखा.

मग लाइट गेली. पंखा थांबत थांबत थांबला.
एकोणचाळीस. गल्लीत कुठंतरी रिक्षा, कुणाच्यातरी पोटात भूक.
"बाई, शून्य कुठाय?"
"कोल्हापुरात नाही," म्हटलं. हसले सगळे.
एक्क्याऐंशी.

संध्याकाळी यंत्र परत दिलं.
जोतीरामनं उलटंपालटं करून बघितलं, सेल काढले,
स्पंजवरची मुंगी फुंकून उडवली.
"काय काय मोजलासा?"
पंखा, डबा, बारदान.
एक्क्याण्णवचं सांगितलं नाही. एकोणीसचंही.

तिथनं घर उजव्या हाताला.
मी डावीकडं वळले, स्टँडवर.
इचलकरंजी, इचलकरंजी, कंडक्टर ओरडत होता,
पंच्याऐंशी तरी असेल.
खिडकीची जागा मिळाली. काच खडखडत होती,
मधे कुणीतरी शेंगा सोलत होतं.
घंटी दोनदा वाजली.